लाकडं कोण कापणार

मी लग्न होऊन ओझरजवळच्या घरी आले तेव्हा तिथे स्वयंपाकघरात गॅस होता आणि परसात चूल. चहा, भाजी, पोळ्या गॅसवर व्हायच्या. चूल पेटायची ती सासूबाईंच्या मांड्यांसाठी. सासूबाई देवळ्याकडच्या. त्या भागात पुरणाचे मांडे मातीच्या उपड्या खापरावर भाजतात, आणि सासूबाईंच्या हाताला त्या कामात असं काही वळण होतं, की आसपासच्या गावांतल्या बायका लग्न ठरलं की आधी त्यांना येऊन सांगून जायच्या. कणीक इतकी सैल भिजवायची, की ती हातांवर आपोआप पसरत जाते. कोपरापर्यंत आलेला तो मांडा त्या अलगद खापरावर टाकायच्या आणि त्याला एकही घडी पडायची नाही. खाली जाळ मात्र हवा तसाच लागायचा; भडकायला नको आणि मंदावायलाही नको. त्यासाठी बाभळीची फोडलेली, वाळलेली लाकडं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तर आमच्या परसातून धूर आणि वेलदोड्याचा वास हटायचा नाही. शिवाय न्हाणीत तांब्याचा बंब होता. सासऱ्यांना बंबातल्या पाण्याशिवाय अंघोळ केल्यासारखं वाटायचं नाही. म्हणजे लाकूड वर्षभर लागायचंच.

ते सासरे फोडायचे. त्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्याबाई. आमच्यात तीच रीत आहे. सासऱ्यांची कोबी-टोमॅटोची थोडी शेती होती आणि शेताच्या कडेला नाल्यावर बाभळींची रांग होती. वाळलेली फांदी, वाऱ्याने पडलेलं खोड, शेजाऱ्याने काढलेल्या द्राक्षबागेतले जुने लाकडी डांब, असं काहीबाही ते परसात आणून टाकायचे आणि सकाळच्या उन्हात कुऱ्हाड घेऊन बसायचे. माझं माहेर मखमलाबादच्या बाजूचं, फुलांच्या मळ्यातलं. आमच्याकडे हत्यार म्हणजे खुरपं, विळा आणि फुलं छाटायची कात्री. त्यामुळे सासऱ्यांचं लाकूड फोडणं मला नवीन होतं. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसायचे आणि त्यांच्याकडे बघत राहायचे. ते ओंडका पायाने फिरवायचे, वाकून बघायचे, पुन्हा फिरवायचे. मग एक घाव, आणि ओंडका उघडायचा. घाई कधी नाही. मधेच थांबून कुऱ्हाडीवर हात टेकून नुसते उभे राहायचे. मला वाटायचं दमले असतील. पुढे कळलं, त्यांना तसं उभं राहायला आवडायचं.

माझा नवरा कारखान्यात फिटर. ओझरच्या त्या मोठ्या विमानांच्या कारखान्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं. लोखंडाचा तुकडा हातात घेतला की त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळीच शांतता यायची. बापाने अजूनही कुऱ्हाडीने लाकडं फोडावीत हे त्याला बघवायचं नाही. "जग कुठे चाललंय आणि आपण कुठे," असं म्हणत तो अंगणातून निघून जायचा.

मग एका सुट्टीच्या दिवशी तो स्कूटरच्या पायाशी गोणपाटात काहीतरी बांधून घेऊन आला. नव्वदच्या आसपासचं साल असेल. आमच्या भागात चेन सॉ तेव्हा कुणाकडे नव्हती. रस्त्याच्या कामावरचा एक ठेकेदार आपलं सामान विकून गावी चालला होता, त्याच्याकडून याने ती घेतली होती. नारिंगी रंग उडालेला, पत्रा चेपलेला, आणि वजन भरलेल्या कळशीएवढं. त्याने ती अंगणात पोत्यावर मांडून पूर्ण खोलली, धुतली, पुसली, पुन्हा जोडली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "हाई काय शे?" त्या रागावल्या किंवा घाबरल्या की त्यांच्या तोंडी माहेरची अहिराणी यायची.

"लाकडं कापायचं मशीन आहे, आई," तो म्हणाला. "आता बाबांनी नुसतं बसायचं."

मशीन सुरू झालं तेव्हा गल्लीतली कुत्री पळाली आणि माणसं गोळा झाली. जे खोड कापायला सासऱ्यांची सकाळ जायची, ते बघता बघता तुकडे होऊन पडलं. सासरे हात मागे बांधून उभे होते. "लय पटापट कापतं," ते म्हणाले. मग पुढे होऊन त्यांनी एक तुकडा उभा केला आणि कुऱ्हाड उचलली, कारण मशीन आडवं कापतं, फोडायचं काम राहतंच. त्या हिवाळ्यात बापलेक पहिल्यांदा एकत्र काम करताना मी बघितले. हा कापायचा, ते फोडायचे. दोघांत बोलणं फारसं नव्हतं, मशीनच्या आवाजात ते शक्यही नव्हतं, पण सुट्टीच्या दिवशी दोघंही सकाळी लवकर आवरून बसायचे.

आणि मग तो दिवस आला. शेजाऱ्याने जुनी बाग काढली होती आणि डांबांचा ढीग आमच्या परसात येऊन पडला होता. संध्याकाळी कुणाकडे तरी जेवायला जायचं होतं, म्हणून नवऱ्याला काम उरकायचं होतं. मी दोरीवरचे कपडे काढत होते. मशीनचा आवाज एकदम बदलला, चिरकला, आणि बंद झाला. वळून बघितलं तर तो खाली बसला होता. गुडघ्याच्या वर पँट फाटली होती आणि तो दोन्ही हातांनी मांडी आवळून धरत होता. त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. तो ओरडला नाही. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाला, "मशीन उडालं."

सासऱ्यांनी डोक्याचा पटका सोडून त्याची मांडी करकचून बांधली. शेजाऱ्याच्या जीपमध्ये मागच्या बाजूला मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि आम्ही नाशिकला गेलो. हाड वाचलं. टाके पडले, जखम भरली, थंडीत तो पाय जरा ओढत चालतो एवढंच राहिलं. पण तो बदलला. कारखान्यात चेष्टा झाली असणार. दिवसभर मशीनवर काम करणारा माणूस घरच्या मशीनने जखमी होतो, यावर कोण गप्प बसेल? त्याने घरी कधी काही सांगितलं नाही. त्याने ती करवत गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. रस्त्याने कुठे लाकूड कापायचा आवाज आला तर तो बोलता बोलता थांबायचा, आणि आवाज बंद झाला की पुन्हा बोलायला लागायचा. आपण थांबलो होतो हे त्याचं त्याला कळत होतं की नाही, कोण जाणे.

सासूबाईंनी एकदाच सांगितलं, की असलं मशीन पुन्हा या घरात चालणार नाही. आणि सासऱ्यांनी पुन्हा कुऱ्हाड हातात घेतली.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मुलं मोठी झाली, मुलगी नाशिकला कॉलेजात जायला लागली. सासऱ्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहाच्या बशीत ते दिसलं. चहा सांडायचा आणि ते बशी खाली ठेवून द्यायचे, जणू प्यायची इच्छाच नाही. मग एकदा कुऱ्हाड लाकडाला न लागता जमिनीवर आपटली, त्यांच्या पायाच्या अगदी जवळ. मी पळत गेले. त्यांनी कुऱ्हाड माझ्याकडे दिली आणि ओट्यावर जाऊन बसले.

ढीग तसाच पडला होता आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी साखरपुड्याचे मांडे होते. मी पदर खोचला आणि एक ओंडका उभा केला. पहिला घाव कुठेतरी कडेला गेला.

"मधी नको मारू," सासरे ओट्यावरून म्हणाले. "भेग बघ त्याला. वरून दिसती का? तिच्यावर मार."

मी भेग शोधली. लाकूड फुटलं. सासऱ्यांनी मान हलवली आणि पुढचा ओंडका बोटाने दाखवला. त्या दिवसापासून लाकडं मी फोडू लागले. फोडणं मला जमलं, आवडलंही. पण लांब खोड आडवं कापायचं काम हाताच्या करवतीने माझ्याच्याने होईना. माझा खांदा धरला. रात्री कुशीवर वळता येईना. नवरा म्हणाला, "वखारीतून फोडलेली लाकडं आणू." आणून बघितली. ओली निघाली, नुसता धूर. सासूबाईंचे डोळे लाल झाले आणि मांडे कच्चे राहिले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांनी मांडे भाजता भाजता हातातलं काम सोडलं आणि उठून गेल्या. पुढच्याच आठवड्यात एक बाई लग्नाचं सांगायला आली, तर सासूबाई तिला म्हणाल्या, "आता नाही होत गं माय. दुसरीकडे बघ."

ती बाई गेल्यावर त्या खापर धुऊन, पुसून, फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवत होत्या. सासरे ते बघत होते. संध्याकाळी मी त्यांना औषध द्यायला गेले तर ते म्हणाले, "नाशिकला जायचं आपल्याला. मशीन घेऊ."

मला आधी कळेना. "कसलं मशीन, मामा?"

"कापायचं. नवं. कुणाचं वापरलेलं नाय."

"पण चालवणार कोण?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता फोडतं कोण?"

मी नवऱ्याला सांगितलं. लपवून करायची गोष्ट नव्हती ती. तो बूट पुसत होता. पुसतच राहिला. "तू चालवणार?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मी येणार नाही दुकानात." नको असं मात्र म्हणाला नाही, आणि त्याच्या तोंडून नको येईल अशी मला थोडी आशाच होती, कारण मलाही भीती वाटत होती. जीपमधला तो रस्ता माझ्या डोळ्यांपुढून गेला नव्हता.

सासरे आणि मी एसटीने नाशिकला गेलो. मार्केट यार्डाच्या बाजूला शेतीच्या अवजारांची दुकानं आहेत. फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, कडबाकुट्टी, आणि आता चेन सॉसुद्धा भिंतीवर ओळीने टांगलेल्या. जग खरंच कुठल्या कुठे गेलं होतं. दुकानदार पन्नाशीचा, बोलका. त्याने सासऱ्यांना खुर्ची दिली आणि मला बघितलंच नाही.

"काय कापायचं, बाबा?"

"बाभूळ. घरच्या जळणाला."

त्याने लांब पात्याचं एक मोठं मशीन काढून काउंटरवर ठेवलं. "हे घ्या. कितीही जाड खोड असू द्या. पोरगं एका दिवसात वर्षाचं जळण पाडील."

सासऱ्यांनी त्या पात्यावरून लांबूनच नजर फिरवली. "आपल्याला जंगल नाय तोडायचं," ते म्हणाले. "आमचं लाकूड एवढं असतं." त्यांनी हाताची वीत करून दाखवली. हात कापत होता, त्यामुळे वीत लहानमोठी होत होती. दुकानदाराने नजर खाली घेतली. तेवढ्यावरून मला तो माणूस बरा वाटला.

"आणि पोरगं नाय चालवणार," सासरे म्हणाले. "ही चालवणार."

आता त्याने माझ्याकडे बघितलं. "वहिनी?" तो हसला, पण थांबलाही. "मग विजेवरचं घ्या. हलकं आहे, आवाज कमी, दोरी ओढायला नको. बटण दाबलं की सुरू."

ते खरंच हलकं होतं. हातात घेतल्यावर मला हायसं वाटलं. पण त्या दिवसांत आमच्याकडे वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नव्हता. लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं होतं, आणि वीज त्यालाही जुमानत नव्हती. शिवाय ती वायर. परसात बंबाचं पाणी सांडलेलं असतं, सासूबाई बादल्या घेऊन ये-जा करतात, त्यातून ती काळी वायर लोळत जाणार. मी ते खाली ठेवलं.

"पेट्रोलवरचंच बघू," मी म्हटलं. "पण मला उचलेल असं."

मग त्याने एकेक मशीन माझ्या हातात दिलं. मी ते कमरेजवळ धरायचे, जरा वाकायचे, सरळ व्हायचे. सासरे खुर्चीतून बघत होते, अगदी त्या ओट्यावरून बघायचे तसेच. एक मशीन पुढे जड होतं, मनगट ओढलं जायचं. एकाची मूठ इतकी जाड, की माझी बोटं फिरत नव्हती. ही यंत्रं करताना कुणीतरी एखादा हात डोळ्यांपुढे ठेवला असणार, आणि तो हात माझा नव्हता. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. साड्यांच्या, बांगड्यांच्या, भांड्यांच्या दुकानात असं कधी वाटलं नव्हतं. तिथे सगळं माझ्या मापाचं असतं.

शेवटी एक लहान मशीन निघालं. आखूड पातं, मूठ बारीक. दुकानदार ते घेऊन आम्हाला दुकानामागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेला. तिथे एक खोड पडलेलं होतं. त्याने मशीन जमिनीवर ठेवलं, मागच्या मुठीत पाय ठेवायला सांगितलं आणि दोरी माझ्या हातात दिली.

"ओढा."

ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. पुन्हा काही नाही. मनात आलं, राहू दे, घरी जाऊ. मग सासरे मागून म्हणाले, "सावकाश ओढ. पहिली जरा घे, मग झटका दे." आणि ते सुरू झालं. आवाजाने मी एक पाऊल मागे आले, पण मूठ सोडली नाही.

दुकानदाराने आधी ते बंद करून एक गोष्ट दाखवली. पुढच्या मुठीच्या समोर एक काळी आडवी पट्टी होती. "हा ब्रेक. मशीन उसळून अंगावर आलं, तर ही तुमच्या मनगटाला लागते आणि चेन जागच्या जागी थांबते. आणि पात्याच्या टोकाने कधी कापायचं नाही. टोक लाकडाला लागलं की मशीन उडतं. जेवढे अपघात बघितले, बहुतेक तसेच."

मशीन उडतं. मी सासऱ्यांकडे बघितलं. तेही माझ्याकडे बघत होते. आमच्या घरात इतकी वर्षं कुणी तो शब्द उच्चारला नव्हता आणि इथे हा माणूस तो सहज बोलून गेला होता. मी विचारलं, "जुन्या मशीनला असा ब्रेक असायचा का?"

"चांगल्यांना असायचा. वापरून वापरून लोक काढून टाकायचे."

मी लाकूड कापलं. थरथर खांद्यापर्यंत आली, भुसा साडीवर उडाला. तुकडा पडला तेव्हा मला हसू आलं, का ते सांगता येणार नाही. आम्ही तेच मशीन घेतलं. सासऱ्यांनी चष्मा आणि जाड हातमोजेही मागून घेतले. परत येताना एसटीत ते खोकं त्यांनी मांडीवर धरलं, मला देईनात. ओझर येईपर्यंत एकदाच ते म्हणाले, "त्याची चूक नव्हती म्हणजे."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. खोकं बघून त्यांना सगळं समजलं. त्यांनी परसाकडे बोट केलं. "मन्हा पोऱ्यानं रगत सांडेल शे आठे." माझ्या पोराचं रक्त सांडलंय इथे. त्या रडल्या नाहीत, पण त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी त्यांच्याजवळ गेले. "आत्याबाई, तुमच्यासमोरच चालवीन. तुम्ही थांब म्हटलं की थांबेन."

"मी कशाला बघू?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. पण दुसऱ्या दिवशी मी मशीन परसात काढलं तेव्हा त्या खिडकीच्या आड होत्या. त्यांचा हात गजावर दिसत होता.

नाशिकहून आलो त्याच संध्याकाळी नवरा कामावरून आल्यावर मी त्याला ब्रेकचं सांगितलं. मला वाटत होतं, मी त्याच्यासाठी काहीतरी मोठं आणलंय. इतकी वर्षं हा स्वतःला बोल लावतोय आणि दोष मशीनचा होता. मी उत्साहात सगळं सांगून टाकलं. तो पाय चोळत ऐकत होता.

"ब्रेक नव्हता हे घेतानाच दिसलं होतं मला," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी टेकले.

"तिथे पट्टी बसवायच्या खाचा होत्या, पट्टी नव्हती. मला कळत नाही का? म्हटलं, मी फिटर माणूस, मला काय होतंय." मग तो म्हणाला, "बाबांनी पटका सोडला ना, तेव्हा त्यांचं डोकं उघडं पडलं. मी त्यांना तसं बाहेर कधी बघितलं नव्हतं. मला अजून तेच दिसतं. पायाचं काही नाही."

मी त्याच्या शेजारी बसून राहिले. दोष कुणाचा हे कळलं की माणूस मोकळा होतो, असं मला वाटलं होतं. त्याला तर ते पहिल्यापासून माहीत होतं.

माझं कापणं सुरू झालं. साडीवर नाही, मुलीच्या सांगण्यावरून मी नवऱ्याची जुनी जाड पँट आणि त्याचे कारखान्यातले बूट घालायचे, बुटांत पुढे कापूस कोंबून. शेजारणी आधी हसल्या, मग त्यांच्याकडचं एखादं खोड घेऊन यायला लागल्या. मी सावकाश कापायचे. टोक कधी लावलं नाही. सासरे ओट्यावर बसून बघायचे. मधे मशीन बंद करून मीही उभी राहायचे. कान वाजायचे, आणि मग हळूहळू नाल्याकडच्या पाखरांचे आवाज परत यायचे.

सासूबाईंची तक्रार वेगळीच निघाली. चुलीत पहिलं लाकूड घातल्यावर त्या म्हणाल्या, "तेलाचा वास येतोय." साखळीला तेल लागतंच, ते कापलेल्या बाजूला उतरतं. माझ्या नाकाला काही आलं नव्हतं. पण त्या ऐकेनात. तेव्हापासून कापलेले तुकडे तोंड वर करून उन्हात ठेवायचे, वास उडाला की फोडायचे, मग मांड्यांना वापरायचे, असा नियम झाला. काही दिवसांनी त्यांनीच मला हाताने माप दाखवलं. "एवढे काप. लांब झाले की चुलीच्या तोंडाबाहेर जळतात." तो त्यांचा होकार होता. यापेक्षा जास्त त्या कधी बोलल्या नाहीत. आखाजीच्या आधी खापर कोनाड्यातून खाली आलं.

नवरा मात्र मशीन चालू असताना घरात थांबायचा नाही. मी पँट चढवली की तो स्कूटर काढायचा, ओझरच्या बाजाराला नाहीतर कुणाकडे तरी जायचा. मी त्याला कधी अडवलं नाही.

पावसाळा संपल्यावर साखळी बोथट झाली. भुशाऐवजी नुसती पूड पडू लागली, लाकूड जळल्यासारखं काळं व्हायला लागलं आणि मला जोर लावावा लागायला लागला. दुकानदाराने सांगितलं होतं, जोर लावावा लागला की थांबायचं. मी ठरवलं, नाशिकला नेऊन धार लावून आणू. मशीन ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि शेतात कोबीला पाणी द्यायला गेले.

परत आले तर अंगणात नवरा पोत्यावर बसलेला. समोर माझं मशीन. त्याने लाकडाच्या फटीत पातं घट्ट बसवलं होतं आणि बारीक गोल कानस घेऊन साखळीच्या दातांना धार लावत होता. एका दिशेने कानस पुढे, उचलून मागे, पुन्हा पुढे. एक दात झाला की बोटाने साखळी जरा पुढे ओढायची. चष्मा नाकावर घसरला होता. त्याच्या चेहऱ्यावर ती जुनी शांतता होती.

मी हातपाय धुतले, चहा ठेवला, त्याच्याजवळ कप आणून ठेवला. त्याने मान वर न करता म्हटलं, "एका बाजूचे दात जास्त झिजलेत. तू डावीकडे झुकतेस कापताना."

"खांदा दुखतो म्हणून झुकत असेन."

"मग ओंडका उंच घे. वाकायला नको. मी एक घोडी करून देतो, लाकूड वर ठेवायला."

त्याने ती केलीही. कारखान्यातून आल्यावर संध्याकाळी चार-आठ दिवस तो त्यावर काम करत होता. लोखंडी अँगलचे पाय, वर फासळ्यांसारखे दोन आडवे हात, त्यात ओंडका बसायचा आणि हलायचा नाही. सासरे जवळ खुर्ची घेऊन बसायचे. "पाय जरा फाकव," ते म्हणायचे, आणि हा फाकवायचा. घोडी पुरी झाली त्या सकाळी मी पँट चढवली. मला वाटलं आता स्कूटर निघेल. ती निघाली नाही. त्याने ओंडका उचलून घोडीवर ठेवला, हाताने हलवून बघितला, आणि मागे सरकत ओट्याच्या पायरीपर्यंत गेला.

मी दोरी ओढली. मशीन सुरू झालं. माझी नजर पात्यावर होती, त्यामुळे तो काय करतोय हे मला दिसत नव्हतं. पहिला तुकडा पडला, दुसरा पडला. मग मी मशीन बंद केलं आणि वळून बघितलं. तो पायरीवर उभा होता. रंग उतरलेला, एक हात खांबावर, पण उभा होता. शेजारी सासरे खुर्चीत होते आणि खिडकीत सासूबाई, या वेळी आडोशाला नव्हे, गजाला कपाळ टेकून.

"झालं?" त्याने विचारलं.

"एवढा ओंडका झाला."

तो पायरी उतरून आला, वाकून तुकडे गोळा करू लागला आणि एकेक तुकडा तोंड वर करून उन्हात मांडू लागला.